दगड घोंगडी पांघरून बसत नाही

माझ्या धंद्यात समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "साहेब, तसं जास्त काय झालं न्हाई." गाडी झाडावर चढलेली असो की नुसता आरसा मुडपलेला असो, वाक्य तेच. आणि ते म्हणताना आवाजात जी थरथर असते, तीही तीच.

बिदर आणि कलबुर्गीच्या ह्या सरहद्दीच्या पट्ट्यात मी उमेदीची सगळी वर्षं विमा कंपन्यांसाठी गाड्यांचं नुकसान बघायचं काम केलं. कंपनी मला सर्वेअर म्हणते, लोक 'इन्शुरन्सवाले मेत्रे' म्हणतात, आणि माझी बायको पाव्हण्यारावळ्यांना सांगते, "ह्यांना दुसऱ्याच्या गाडीचे पोचे मोजायला ठेवलंय." तिचं फारसं चुकत नाही. गाडीला धक्का लागला की मालकानं कंपनीला कळवायचं, मग कंपनी माझ्यासारख्याला पाठवते. मी धड मालकाचा नाही, धड कंपनीचा नाही. गाडी बघायची, काय मोडलंय आणि सांगितलंय तसंच मोडलंय का ते पडताळायचं, दुरुस्तीला काय लागेल ते लिहून द्यायचं. ऐकायला सोपं आहे. पण गाडीच्या आधी माणूस भेटतो, आणि तो घाबरलेला असतो.

अपघाताला माणूस एकदा भितो, तो सांगायला दहादा भितो, असं माझं मत झालंय. त्याला वाटतं, फोन केला की पोलीस येणार, पेपर जप्त होणार, पुढच्या वर्षीचा हप्ता वाढणार, सासरा विचारणार, गाव हसणार. मग तो आधी एक गोष्ट रचतो आणि नंतर फोन करतो. खरं सांगितलं असतं तर जे काम बसल्या बसल्या झालं असतं, ते रचलेल्या गोष्टीमुळं महिनोन्महिने लोंबकळतं. हे मी हजार वेळा सांगितलं. हजार वेळा लोकांनी मान डोलावली आणि पुन्हा गोष्ट रचली.

खजुरीच्या एका गृहस्थांची गाडी सरहद्दीपलीकडे, महाराष्ट्रात, विजेच्या सिमेंटच्या खांबाला घासली. दिवा फुटला, बंपर लोंबला, बाकी गाडी ठणठणीत. पण कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की विमा कर्नाटकातला, तेव्हा महाराष्ट्रातल्या खांबाला तो लागू नाही. ह्यांनी मेव्हण्याचा ट्रॅक्टर बोलावला, गिअरमध्ये अडकलेली गाडी दोर लावून हद्दीच्या अलीकडे ओढत आणली आणि एका बाभळीला टेकवून उभी केली. मी जाऊन बघतो तर बाभळीचं साल सुद्धा निघालेलं नाही.

"हिलाच धडकली?" मी विचारलं.

"व्हय साहेब. एकदम आडवी आली."

"आणि बाभळीला सिमेंट कुणी लावलं?"

गृहस्थ मट्‌दिशी खाली बसले. विमा सगळ्या देशात चालतो हे कळल्यावर त्यांना हसावं की रडावं समजेना. खांबानं नुसता दिवा फोडला होता, पण ओढण्यानं गिअरबॉक्स गेला होता, आणि तो काही कंपनी भरून देणार नव्हती.

माझ्या स्वतःच्या गावात, कोहिनूरला, तर याच्यावर कडी झाली. नव्या गाडीला कुठंतरी नखभर ओरखडा आला. घरच्यांनी ठरवलं की नजर लागली, उतरवून टाकू. नारळ चाकापुढच्या दगडावर फोडायचा असतो. मान थोरल्या चुलत्याला दिला. चुलत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांनी नारळ नेमका बॉनेटवर फोडला. मला कळवलं होतं की बैलानं शिंग मारलं. बैलाच्या शिंगाला खोबरं लागलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. चुलते ओट्यावर बसून होते. मी जवळ गेलो तर हात जोडून म्हणाले, "बाबा, मला जेलात घालतेत का रे?" तेव्हा मी हसलो. आता त्यांचा चेहरा आठवला की हसू येत नाही.

कारण पुढं एकदा ही भीती मलाच लागली, आणि अजून पुरती गेलेली नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालेलं, तूर फुलावर आलेली. औरादच्या एका हायस्कूलातल्या विज्ञानाच्या शिक्षिका, सुनंदा मॅडम, यांनी कंपनीला फोन करून कळवलं होतं की संतपूरच्या रस्त्याला त्यांची गाडी दगडाला लागली, जास्त काही झालं नाही. मॅडमना मी नावानं ओळखत होतो. बौद्ध घरातल्या. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, वडील शाळेत शिपाई होते, त्याच गावातल्या शाळेत ह्या बाई झाल्या. त्यांच्या वस्तीत दारापुढं उभी राहिलेली पहिली गाडी ह्यांची. आमच्या भागात भानामतीचं खूळ अजून पुरतं मेलेलं नाही. कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, कुणाच्या घरावर दगड पडतात. मॅडम वर्गात लिंबातून रक्त काढून दाखवायच्या आणि मग ते कसं काढलं तेही पोरांना समजावायच्या. अशी बाई गोष्ट रचेल, हे माझ्या मनातही नव्हतं.

गाडी औरादला खाजामियाँ मिस्त्रींच्या गॅरेजात लावलेली होती. मॅडम बाजूला स्टुलावर बसल्या होत्या. पदर घट्ट आवळून धरलेला, डोळ्यांखाली काळं. म्हाताऱ्या आईला सोडून फार वेळ बाहेर राहत नाही, जरा लवकर उरका, एवढंच म्हणाल्या.

मी पुढं वाकलो. दगडाला लागलेली गाडी मला अंधारात हात फिरवूनसुद्धा ओळखता येते. दगड खरवडतो. रंग निघतो, प्लास्टिकला दात पडतात, फटीत माती बसते. इथं डावा दिवा फुटला होता, नंबरप्लेट आत वाकली होती आणि बॉनेटच्या ओठाला रुंद, गुळगुळीत पोचा होता. एक ओरखडा नव्हता. जे काही लागलं होतं, ते मऊ होतं.

मी खाजामियाँकडं बघितलं. त्यांनी पाना फडक्याला पुसला. "मैडम बोले पत्थर, तो पत्थर. अपने कू क्या करना साब," असं म्हणून ते आत निघून गेले. त्यांनीही बघितलं होतं तर.

नंबरप्लेटच्या स्क्रूला काळ्या लोकरीचा पुंजका अडकला होता. पहिल्यांदा वाटलं, मेंढरू लागलं असेल. ह्या दिवसांत रस्त्यावर कळप असतात. मी तो पुंजका काढला आणि सवयीनं बोटांत चोळला. मेंढराच्या अंगावरची लोकर चोळली की भुसभुशीत होऊन सुटते. हा सुटेना. पिळाचा होता, कातलेला, आणि कडक. मी नाकाशी नेला. चिंचोक्याच्या खळीचा वास आला.

आमचं घर धनगराचं. आई टकळीवर सूत काढायची, आणि विणून झालेल्या घोंगडीला चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ द्यायची. तो आंबूस वास आमच्या घराचा वास होता. माझ्या हातात होता तो मेंढराचा केस नव्हता. तो घोंगडीचा धागा होता, आणि घोंगडी कधी एकटी रस्त्यानं चालत नाही.

खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो पळपुटाच होता. कंपनीनं मला गाडी बघायला सांगितलीय. गाडी बघ, दगड लिही, घरी जा. माणूस काही तुझ्या कागदावर नाही. पण तो धागा बोटांना चिकटून बसला होता.

मी मॅडमसमोर जाऊन हात उघडला. "मॅडम," मी म्हणालो, "दगड घोंगडी पांघरून बसला होता का?"

त्यांनी धाग्याकडं बघितलं. मग एकदम सगळं बाहेर आलं.

"दिवस बुडाला होता, पण पुरता अंधार न्हवता. वळणाच्या पुढं काळं कायतरी एकदम रस्त्यावर आलं. मी ब्रेक मारला, तरी धप्प आवाज झाला. मी पळून गेले न्हाई साहेब, मी उतरले. ते पडलेलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत उठलं. त्याला तोंड न्हवतं. हात न्हवते. एक शब्द बोललं न्हाई, विव्हळलं न्हाई, सरळ तुरीत गेलं. मी हाका मारल्या, कोण आहे, कोण आहे म्हणून. तुरीतनं काय आवाज न्हाई."

"मग कंपनीला दगड कामून सांगितलात?"

"काय सांगू? भूत धडकलं म्हणून सांगू? मी पोरांना शिकवायलेय की असलं काय नसतं. आणि माणूस सांगितलं तर पोलीस, नोकरी, सगळंच. आईला बघणारं माझ्याशिवाय कोण हाय?" दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. "तुमाला सांगते अण्णा, तवापासून मी झोपले न्हाई. मनातल्या मनात एकच म्हणायलेय, ते भूतच असू दे. मी. जिनं आयुष्यभर भूत नाही म्हणून सांगितलं, ती मी."

साहेबाचं अण्णा कधी झालं ते त्यांच्याही ध्यानात आलं नसावं. मला ठाऊक होतं की ते भूत नव्हतं. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली की माणसाचं तोंड दिसत नाही, हात दिसत नाहीत. थंडीत माझा बाप तसाच बसायचा, आणि त्याचं तोंड कुठं, पाठ कुठं, आम्हा पोरांना कळायचं नाही.

"चला," मी म्हणालो. "तिथं जाऊन बघू."

"मी न्हाई येत."

"मीही एकटा जात न्हाई," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. मला एकट्याला भीती वाटत होती.

माझ्या जुन्या गाडीतून आम्ही संतपूरच्या रस्त्याला लागलो. लख्ख ऊन होतं. वळणाच्या पुढं रस्त्याच्या कडेला दिव्याच्या काचा चमकत होत्या, त्यावरून जागा सापडली. रस्त्याला लागून तूर होती, माणसाच्या वर गेलेली, आणि तिच्यापलीकडं सोयाबीन काढलेलं मोकळं रान. तुरीत शिरायला एक वाट पडलेली होती, झाडं मोडून पडलेली. मी खाली बघितलं तर तासातासांत, तुरीच्या ओळीओळींत, मेंढरांच्या लेंड्या.

बाहेरच्यांना याचा अर्थ कळायचा नाही, म्हणून सांगतो. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतो. रात्रभर कळप बसला की रानाला खत मिळतं, धनगराला त्याबद्दल ज्वारी मिळते. ह्यात एकच अट असते, शेजारच्या उभ्या पिकाला मेंढराचं तोंड लागता कामा नये. लागलं तर त्या धनगराला त्या गावात पुन्हा कुणी बोलवत नाही, आणि ही बातमी धनगराच्या आधी पुढच्या गावाला पोचते. म्हणून चुकून मेंढरं उभ्या तुरीत घुसलीच, तर धनगर ती न ओरडता काढतो. शीळ नाही, हाळी नाही. तोंडातून आवाज काढत नाही.

ते भूत का विव्हळलं नव्हतं, हे मला तुरीच्या कडेला उभं राहून कळलं. आत शिरायला माझा पाय उचलेना. आत काय पडलं असेल, कसं पडलं असेल, हेच डोळ्यांपुढं येत होतं. मॅडम माझ्या मागं होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. थोडं आत गेल्यावर टायरच्या सोलाचं एक पायताण दिसलं. एकच. मॅडमनी ते उचललं आणि छातीशी धरलं. तुरीच्या पलीकडल्या टोकाला कावळे घिरट्या घालत होते. ते बघून मी तिथंच थांबलो. पुढं मी गेलो नाही, मॅडमनी मला हाताला धरून नेलं.

कावळे कालवणाच्या भांड्यांवर आले होते. मोकळ्या रानात जाळीचं कुंपण, आत मेंढरं, बाहेर घोडं बांधलेलं, तीन दगडांची चूल, आणि एक म्हातारी भाकरी थापत बसलेली. सगळ्यांपासून दूर, उन्हात, एका खुंटीला आखूड दोरानं एक दांडगा मेंढा, कळपातला एडका, बांधलेला होता. बाभळीच्या सावलीत एक म्हातारा घोंगडीत पडून होता. घोंगडीचा एक कोपरा फाटलेला होता.

मी म्हातारीला माझं गाव सांगितलं, कुणाचा कोण ते सांगितलं. आपल्यातलाच निघाला म्हणून तिनं पाणी दिलं. तिचं नाव यल्लव्वा, म्हाताऱ्याचं मालप्पा.

"अप्पाला काय झालं?"

"एडक्यानं मारलं बगा." तिनं पिठाच्या हातानं एडक्याकडं बोट केलं. "सांजच्याला मेंढरं वळायला गेल्ते, ह्यो भाड्या अंगावर आला आन पोटातच धडक दिला. तवापास्नं अन्न न्हाई, पाणी न्हाई. मी बी त्याला तसाच उपाशी बांधलाव. उदगीरच्या खाटकाला सांगून धाडलाव, आज टेम्पो यायलाय."

मालप्पानं डोळे मिटले. तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं, कपाळावर घाम होता, सावलीत, थंडीच्या दिवसांत. मॅडम त्याच्याजवळ बसल्या. त्याची नखं बघितली, पोटाला नुसता हात लावला तर तो दात आवळून आखडला. पोट फळीसारखं कडक झालं होतं आणि वर हळद-चुन्याचा थर होता.

"अण्णा, ह्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

"एडक्यानं मारलं म्हणून कोण जातंय वो दवाखान्यात," मालप्पा डोळे न उघडता म्हणाला.

मॅडमनी ते पायताण त्याच्यापुढं ठेवलं. "अप्पा, एडक्यानं न्हाई. माझ्या गाडीनं मारलं तुमाला."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. त्यानं आधी मॅडमकडं बघितलं, मग माझ्याकडं, माझ्या खिशातल्या पेनाकडं. तेवढी भीती मी मोठमोठ्या अपघातांतल्या माणसांच्या डोळ्यांतही बघितली नाही. "न्हाई," तो म्हणाला. "मला न्हाई मोटारबिटार लागली. मी रस्त्याला गेलोच न्हाई. एडक्यानंच मारलं."

मी समजावलं. मॅडमनी हात जोडले. यल्लव्वा एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिली. तो हलेना. दवाखान्यात गेलं की कसं लागलं ते विचारणार, ते सांगितलं की मेंढरं कुठं होती ते सांगावं लागणार. त्यापेक्षा बाभळीखाली पडून राहणं त्याला बरं वाटत होतं. त्याचा जीव चाललाय हे मला दिसत होतं, आणि त्याला उचलून न्यायचं बळ माझ्यात नव्हतं. मी आपला हात चोळत उभा होतो.

तेवढ्यात टेम्पो आला. खाटकाच्या माणसानं एडक्याचा दोर सोडला आणि ओढायला लागला. एडक्यानं चारी पाय रोवले. उपाशी होता तरी हलेना, आणि मालप्पाच्या दिशेनं मान करून ओरडायला लागला. एकदा, दोनदा. मालप्पानं घोंगडी डोक्यावर ओढून घेतली. एडका पुन्हा ओरडला.

घोंगडीतून आवाज आला, "सोड त्याला."

कुणाला कळलं नाही. मालप्पा कोपरावर उठायला बघत होता. "सोड म्हणलाव न्हवं. त्यानं न्हाई मारलं मला."

"मग?" यल्लव्वा म्हणाली.

"मोटारीनं मारलं. मेंढरं तुरीत गेल्ती. काढायलालो, गडबडीत रस्त्यावर आलो." एवढं बोलून त्याला धाप लागली. मग तो माझ्याकडं वळला, आणि लहान पोरासारखा हळूच म्हणाला, "साहेब, त्यांचा दिवा फुटल्याला मी ऐकलो. काच पडली. माझ्याकडनं भरून घेतेत म्हणून मी पळालो बगा."

मॅडम मट्‌दिशी खाली बसल्या आणि रडायला लागल्या. त्या त्याला भूत समजल्या होत्या, आणि तो त्यांच्या फुटक्या दिव्याला भिऊन मरायला तयार झाला होता. मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग आला. कुणाचा ते कळत नव्हतं.

यल्लव्वानं खाटकाच्या माणसाच्या हातातला दोर काढून घेतला. "जा बाबा, विकायचा न्हाई," ती म्हणाली. एडक्याच्या तोंडावरून हात फिरवत नवऱ्याला म्हणाली, "मुक्या जिवाला उपाशी मारलाव की वो तुमच्यापायी." मग एडक्याला चुलीवरची पहिली भाकरी घातली आणि नवऱ्याच्या उशाशी येऊन बसली.

एडक्याला न्यायला आलेल्या टेम्पोतूनच आम्ही मालप्पाला आणि यल्लव्वाला बिदरला नेलं. मॅडम मागं बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हणाले, पोटातली प्लीहा फाटलीय, आत रक्त साठलंय, लगेच उघडावं लागेल. कसं लागलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मालप्पा पुन्हा छताकडं बघायला लागला. मॅडम पुढं झाल्या. "माझ्या गाडीनं लागलं. मीच चालवत होते." चौकीतला पोलीस आला, त्यालाही त्यांनी तेच सांगितलं. सांगताना टेबलाची कड घट्ट धरली होती.

मग त्या बाहेरच्या व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, कंपनीला फोन लावून द्या. मला परत सांगायचंय." मी लावून दिला. पलीकडून कुणीतरी पॉलिसीचा नंबर विचारला, तो त्यांनी दिला. काय झालं होतं, असं विचारलं असावं.

"साहेब, तसं जास्त..." मॅडम म्हणाल्या, आणि थांबल्या. खिडकीतून आत यल्लव्वा बाकड्यावर बसलेली दिसत होती, हातात ते एक पायताण घेऊन. मॅडमनी डोळे पुसले. "जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "माणसाला लागलंय. मी पहिल्यांदा तुमाला खोटं सांगितलं होतं. आता लिहून घ्या."

एवढ्या वर्षांत कुणी असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मालप्पा जगला. मॅडमवर केस झाली, त्यांनी कोर्टाच्या तारखा केल्या, शाळेत लोक मागं बोलले, तेही ऐकलं. गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम खोट्या बोलण्यामुळं बाद झाला, आणि तो बाद करायची शिफारस मीच लिहिली. त्यांनी त्याबद्दल मला एका शब्दानं टोचलं नाही. मालप्पाच्या दवाखान्याचं आणि नुकसानीचं मात्र विम्यातून मिळालं, कारण गाडीनं दुसऱ्याला लागलं तर ते कंपनीला द्यावंच लागतं. उशिरा मिळालं, पण मिळालं, आणि ते केवळ त्या दुसऱ्या फोनमुळं. तुरीचा मालक दवाखान्यात येऊन बसला, केळी आणली, तुरीचं नावसुद्धा काढलं नाही. पण पुढल्या वर्षी त्यानं मालप्पाच्या भावकीला मेंढरं बसवायला बोलावलं नाही. माणसं चांगली असतात, पण तूर ती तूरच. मालप्पाला कळपामागं चालणं झेपेना, मेंढरं विकली, एडका तेवढा ठेवला. मॅडम अजून गाडी चालवतात, अधूनमधून त्याला भेटायला जातात. दिवस बुडायच्या सुमाराला मात्र रस्त्यात काही काळं दिसलं की थांबून, काच खाली करून, आधी हाक मारतात.

आता मी काम कमी केलंय, आणि धंदाही बदललाय. लहान अपघात असला की मालकच मोबाईलवर फोटो काढून पाठवतो, घरी बसून बघायचे आणि मंजूर करायचे. सोय चांगली आहे. पण फोटोत पोचा दिसतो, धागा दिसत नाही. वासही येत नाही.

परवाच आळंदकडल्या एका गाडीचा फोटो आला. बंपरला पोचा, दिवा फुटलेला, खाली लिहिलेलं, 'दगडाला लागली, जास्त काही झालं नाही.' मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, शेवटी नुसते चौकोन दिसायला लागले. बायको म्हणाली, "करा की मंजूर, किती वेळ बघायलात." माझं बोट पुढं जाईना. जेवण तसंच टाकून मी गाडी काढली आणि मालकाकडून जागा विचारून घेत तिथवर गेलो.

रस्त्याच्या कडेला पुलाचा निखळलेला दगड होता. त्याला गाडीचा पांढरा रंग लागला होता, खाली काचा होत्या. एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती, ती थांबली. "काय हरवलं वो?" तिनं विचारलं. काय न्हाई, म्हणालो. तरी आजूबाजूचं गवत मी पायानं सारून बघितलं. मग वाकून त्या दगडावर हात ठेवला. उन्हानं तापलेला होता. दगडच होता.